कमीत कमी शंभर गॅलन

मंगळवारी संध्याकाळी, हार्डवेअरचं दुकान बंद झालं
की इडेला बरणी आणून टेबलावर ठेवते.
काकडीच्या लोणच्याची बरणी, झाकणाला चीर पाडलेली.
कितीही धुतली तरी नाण्यांना व्हिनेगरचा वास येतो.

मी चष्मा पुसतो.
तीस वर्षं कागद गिरणीत पगारपत्रकं लिहिली,
दुसऱ्यांचे पैसे मोजायची बोटांना सवय आहे.
गिरणी गेली. बोटं राहिली.

पेनी वेगळ्या, डाइम वेगळे,
चुरगळलेल्या एकेका डॉलरवरून तळहात फिरवायचा.
नदीपलीकडचं, कॅनडाचं, एखादं नाणं असतंच;
ते खिडकीत ठेवतो, तिकडे जाणाऱ्या कुणासाठी.
चिकट नाणी बहुधा शेजारच्या ओडिलॉनची:
रस्त्यावरच्या बाटल्या वेचून दुकानात परत देतो,
बाटलीमागे पाच सेंट. नऊ वर्षांचा आहे.
आणि चार क्वार्टर, नेहमी चारच, कागदात गुंडाळलेले:
कुणीतरी या आठवड्यात कपडे
यंत्राऐवजी न्हाणीघरात धुतले.

या वेळी एकेचाळीस डॉलर साठ सेंट
आणि कोटाचं एक बटण.
बटणही वहीत लिहिलं.
जमेच्या बाजूला.

अशा नऊ बरण्या म्हणजे एक घर.

इथल्या हिवाळ्याचं गणित असं:
तेलाचा टँकर शंभर गॅलनच्या खाली दारात येत नाही.
ज्याच्याकडे शंभराचे पैसे नाहीत
तो पंपावरून पिवळ्या कॅनमध्ये पाच गॅलन डिझेल आणतो,
तेलापेक्षा चढ्या भावानं,
बर्फात गुडघे टेकून स्वतःच्याच टाकीत ओततो
आणि परवा पुन्हा जातो.
थोडं घेणाऱ्याला सगळंच महाग पडतं.
थोडं देणाऱ्याला मात्र
बरणी कधी म्हणाली नाही,
शंभरच्या खाली घेत नाही.

टँकर व्हर्लिन चालवतो.
आमच्या यादीत नावं नसतात, घरांचे आकडे असतात,
पण गावात सहा गल्ल्या, आकडा म्हणजे चेहराच.
तो दार वाजवत नाही. मागून जातो,
नळी खांद्यावर, मांडीएवढ्या बर्फातून.
टाकी भरत असते तोवर आतून शिट्टी वाजते;
शिट्टी थांबली की भरली.
आमच्या घरांची शिट्टी आपणहून कधी थांबत नाही,
असं तो एकदा म्हणाला, हातमोजे काढता काढता.
शंभर झाले की मीच मूठ आवळतो,
आणि ती मध्येच तुटते.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्यानंतरच्या महिन्यात बावीस नंबरच्या पावतीवर
एकशे सात लिहिलेलं होतं.
बिल शंभराचं.
मी विचारलं. म्हणाला, मीटर चुकला असेल.
तीस वर्षांत मी कुणाचा एक सेंट इकडचा तिकडे होऊ दिला नाही.
वहीत लिहिलं: मीटरची चूक, सात गॅलन.
दर हिवाळ्यात मीटर चुकतो.
दुरुस्तीचं कुणी काढत नाही.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर
बावीस नंबरचा रोझेर माझ्या पुढे उभा होता.
कोटाची गळ्याजवळची दोन बटणं जागेवर,
तिसऱ्याच्या जागी नुसता दोरा.
तेव्हा कळलं.
खिशात हात घालून, होतं ते सगळं,
न बघता, मुठीनंच बरणीत सोडलेलं.
तेल मिळून त्याला तीन आठवडेही झाले नव्हते.

बटण माझ्या खिशात होतं.
द्यावं वाटलं. वारा तर त्याच फटीतून शिरत होता.
पण दिलं तर मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं.
मी म्हटलं, थंडी आहे.
तो म्हणाला, घरात नाही.

बटण वहीतच आहे, त्या पानावर.
वही आता नीट मिटत नाही.